वरचा वायू, खालचा वायू

जबलपूरहून निघालेली नर्मदा एक्सप्रेस कटनी ओलांडून पूर्वेकडे वळली, की खिडकीबाहेरचा प्रदेश पालटू लागतो. गव्हाची मोकळी शिवारे मागे पडतात. सालवृक्षांची राने रुळांच्या दोन्ही अंगांना जवळ येतात. मधूनच एखादे मोहाचे झाड, एखादा ओढा, त्यावरचा लहानसा पूल. आणि मग कुठेतरी बाजूच्या रुळावर मालगाडीचे उघडे डबे उभे दिसतात, काठोकाठ कोळशाने भरलेले. बालपणी आम्हां भावंडांना हे डबे मोजण्याचा नाद होता. डबे दिसू लागले की मामांचे गाव जवळ आले, अशी आमची खूणगाठ असे.

यंदा ज्येष्ठात, शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात, आम्ही उभयता पुष्कळ वर्षांनी ह्या वाटेला लागलो. निमित्त थोडे नाजूक होते. मामेभावाच्या मुलाला अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत चांगला क्रमांक मिळाला होता, आणि धनबादला पेट्रोलियम अभियांत्रिकीची जागा मिळेल अशी चिन्हे होती. 1926 साली स्थापन झालेली ती खाणविद्येची जुनी संस्था आता आय.आय.टी. झाली आहे. मुलाचे मन तिथेच होते. परंतु आमच्या मामी, म्हणजे त्याची आजी, "ह्या घरातलं माणूस पुन्हा जमिनीच्या पोटात जाणार नाही," असे म्हणून अडून बसल्या होत्या. पसंतिक्रम भरून देण्यास चार दिवस उरले होते. "दादा, तू मास्तर आहेस, आई तुझं ऐकेल," असे मामेभाऊ दूरध्वनीवर म्हणाला. मास्तरांचे सगळे ऐकतात, हा भ्रम तीस वर्षांच्या नोकरीनंतर आमच्यापुरता तरी उरलेला नाही. तरीही आम्ही निघालो.

उमरिया आले. ह्या गावाच्या आसपासच्या खडकांत सागरी शिंपल्यांचे अश्म सापडलेले आहेत. आज जिथून समुद्र शेकडो कोस दूर आहे, तिथे पंचवीस कोटी वर्षांहूनही पूर्वी एकदा समुद्राचे पाणी आत शिरले होते. त्याच युगातील दलदलीच्या अरण्यांचा पुढे कोळसा झाला. पाने गळली, चिखलात पुरली गेली, वर गाळाचे थर साचत गेले, आणि त्या प्रचंड भाराखाली व उष्णतेने वनस्पतींचा दगड बनला. तो बनताना जो वायू निर्माण झाला, तो पुष्कळसा त्या दगडातच अडकून राहिला. ह्या लेखाचा खरा विषय तोच वायू आहे.

पुढे बिरसिंहपूर. स्थानकाचे हे नाव. गावाला लोक पाली म्हणतात. बिरासिनी देवीचे हे स्थान. देवीला आम्ही गाडीतूनच हात जोडले. ह्या गावाची दुसरी ओळख म्हणजे येथील औष्णिक वीजकेंद्र. त्याची क्षमता 1340 मेगावॅट आहे. आमच्या घरातला दिवा ज्या विजेवर लागतो, तिच्यातला काही वाटा येथूनही येत असेल. म्हणजे तो धूरही काही अंशी आमचाच. शुद्ध कार्बन 12 किलो जळला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे गणित आम्ही दरवर्षी दुसऱ्या शिक्षकांच्या तासाला वर्गाबाहेरून ऐकतो. ह्या धुराड्यांकडे पाहताना ते प्रथमच खरे वाटले.

दुपारी शहडोलला उतरलो. शहराला लागूनच सोहागपूर आहे, आणि तेथे कलचुरी राजांच्या काळचे विराटेश्वराचे मंदिर. उन्हाने तापलेल्या त्या शिल्पांसमोर घटकाभर थांबून आम्ही बुढारची बस धरली. सोहागपूर हे नाव आता भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी मंदिरापेक्षा कोळसाक्षेत्रासाठी अधिक असते. बुढार, धनपुरी, अमलाई ही गावे त्याच क्षेत्रावर वसलेली आहेत.

मामा नागपूरकडचे. तरुणपणी नोकरीसाठी बुढारला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, अंगणात बघेली, बाजारात हिंदी, अशा तीन भाषांत त्यांची मुले वाढली. मामींचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. पण नजर स्वच्छ आणि आवाज खणखणीत. आम्ही वाकून नमस्कार केला तेव्हा त्या म्हणाल्या, "ये. तुला का बोलावलंय ते मला ठाऊक आहे. आधी जेव."

माजघरात देव्हाऱ्याशेजारी खुंटीला मामांची बत्ती अजून टांगलेली होती. ही पितळेची, जाळीची बत्ती. सर हम्फ्री डेव्ही ह्यांनी 1815 साली असा दिवा प्रथम तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असते. तिच्यामुळे ज्योतीची उष्णता विभागली जाते आणि बाहेरचा वायू पेट घेत नाही. पण ही बत्ती केवळ उजेडासाठी नसे. ती खाणकामगाराचे नाक होती.

मामांनी आम्हांला लहानपणी समजावून दिलेले अजून स्मरते. खाणीत दोन वैरी असतात, ते म्हणत. एक वरचा, एक खालचा. वरचा म्हणजे मिथेन. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी जमतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण शंभरात 5 ते 15 झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. बत्तीची वात बारीक करून ती हळूच छताकडे नेली, आणि ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसली, की समजावे वरचा आला आहे. खालचा म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आमच्या वडिलांच्या पिढीने ज्याला कर्बाम्ल वायू म्हटले तो. तो जड, म्हणून जमिनीशी, उतारावर, बंद पडलेल्या बोगद्यांत साचतो. बत्ती खाली नेली आणि ज्योत मलूल झाली, की एक पाऊलही पुढे टाकायचे नाही. "वर धरून बघायचं, खाली धरून बघायचं, मग पाऊल टाकायचं," हा मामांचा नियम होता. घरात अंधारात शिरतानाही ते गमतीने तसा हात वर-खाली करीत.

त्यांच्या धाकट्या भावाने तो नियम एकदाच मोडला. 1968 सालचा पावसाळा. एका खाणीतल्या जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यात राहिलेले सामान आणण्यासाठी तो घाईने आत गेला आणि परत आला नाही. त्याला खालच्याने नेले. तेव्हा त्याचे लग्न ठरलेले होते. मामींनी त्या दिवसापासून बत्ती देव्हाऱ्याजवळ टांगली, आणि मामा निवृत्त होऊन घरी बसेपर्यंत प्रत्येक पाळीला उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

हे सारे ठाऊक असताना मामींना काय समजवायचे, ह्या विचारात आम्हांला रात्री नीट झोप लागली नाही.

सकाळी मुलगा म्हणाला, "काका, आधी तुम्ही विहीर बघा. मग आजीशी बोला." तो आम्हांला मोटरसायकलवरून गावाबाहेर घेऊन गेला. विहीर म्हणजे आपल्या कल्पनेतली नव्हे. शेतांच्या मधोमध तारेचे कुंपण, त्यात खडी पसरलेली मोकळी जागा, मध्ये माणसाच्या उंचीचा नळांचा आणि झडपांचा एक खांब, शेजारी गुरगुरणारे यंत्र. ना धूर, ना काजळी, ना डोक्यावर दिवा लावलेली माणसे. कुंपणापलीकडे एक शेतकरी धानाच्या पेरणीसाठी जमीन तयार करीत होता. आम्ही विचारले तसे तो म्हणाला, "साहब, पहले पानी आता है, फिर गैस।"

त्या एका वाक्यात ह्या विद्येचे मर्म आहे. शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु मुलाने जे सांगितले ते आम्हांला उमगले तसे येथे मांडतो.

कोळसा वरून घट्ट दिसला तरी आत अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. चिमूटभर कोळशातील ह्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर त्यांचे क्षेत्रफळ शेकडो चौरस फूट भरेल. मिथेनचे कण ह्या भिंतींना चिकटून बसलेले असतात, आणि भूगर्भातील पाण्याच्या दाबामुळे ते तिथेच राहतात. भोक पाडून पाणी उपसले की दाब उतरतो, कण सुटतात, कोळशातल्या बारीक भेगांवाटे वाट काढीत नळात येतात. आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीतून जो वायू चुलीपर्यंत येतो, त्याचाही मुख्य घटक हाच. सोहागपूरच्या पूर्व व पश्चिम ह्या दोन क्षेत्रांतून रिलायन्स कंपनीने 2017 साली व्यापारी उत्पादन सुरू केले, आणि येथून उत्तर प्रदेशातील फूलपूरपर्यंत 302 किलोमीटर लांबीची वाहिनी टाकलेली आहे. ज्याच्या भयाने मामा छताकडे बत्ती नेत, तोच आता मुकाट्याने नळातून प्रयागाच्या दिशेने जातो.

पण पाणी उपसून सगळा वायू निघत नाही. पुष्कळ ठिकाणी निम्म्याच्या आसपास खालीच राहतो. येथेच त्या दुसऱ्या वायूचा प्रवेश होतो.

मुलाने सांगितले, तेव्हा आम्ही मनाशी धर्मशाळेचा दाखला रचला. कोळसा ही धर्मशाळा. मिथेन हा जुना उतारू, खोल्या अडवून बसलेला. परंतु व्यवस्थापकाची खरी आवड कार्बन डायऑक्साइडवर. तो दाराशी आला की व्यवस्थापक जुन्या उतारूला उठवतो आणि खोली नव्याला देतो. दगडी कोळशाच्या बाबतीत साधारणपणे मिथेनचा एक कण निघाला तर कार्बन डायऑक्साइडचे दोन सामावतात. म्हणजे वीजकेंद्राच्या धुरातला वायू वेगळा करून दाबाने खोल थरात सोडला, तर उरलेला मिथेन वर येईल आणि धुरातला वायू खाली राहील. एकाच कामात इंधनही मिळाले आणि हवेवरचा भारही उतरला! खालच्याला पाठवून वरच्याला बाहेर काढावयाचे. मामांच्या दोन वैऱ्यांना एकमेकांवर सोडण्यासारखेच हे.

हे ऐकून आम्हांला इतका हर्ष झाला की तिथूनच घरी जाऊन मामींना सांगावे असे वाटले. पण मुलाने हात धरला. "काका, अजून अर्धंच सांगितलंय. दार अडकतं."

दार अडकते म्हणजे काय? कार्बन डायऑक्साइड सामावून घेताना कोळसा फुगतो. पावसाळ्यात सागवानी दार फुगून चौकटीत अडकावे, तशा कोळशातल्या भेगा मिटत जातात, आणि नवा वायू आत जाईनासा होतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील सान हुआन खोऱ्यात 1995 ते 2001 ह्या काळात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. 4 विहिरींतून वायू आत सोडला आणि 16 विहिरींतून मिथेन काढला. तीन लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड खाली गेला, मिथेनचे उत्पन्नही वाढले. परंतु आत सोडण्याचा वेग आरंभीच झपाट्याने घटला. पोलंडमध्ये कान्युव्ह ह्या गावी 2004 आणि 2005 मध्ये हजार मीटरहून खोल थरात प्रयत्न झाला. तिथे खडकात दाबाने भेगा पाडाव्या लागल्या, तेव्हा कुठे वायू सलग आत जाऊ लागला. सारा मिळून सुमारे 760 टन. जपानच्या होक्काइदो बेटावर यूबारी येथे 2004 ते 2007 ह्या काळात सुमारे 884 टन गेला. मिटलेली वाट उघडण्यासाठी तेथे मध्ये नायट्रोजन सोडून पाहिला. वाट उघडली, पण टिकली नाही. शिवाय धुरात कार्बन डायऑक्साइड थोडा आणि नायट्रोजनच फार. तो वेगळा करण्यास खर्च येतो, वीजही लागते.

"मग तुला ह्यात का पडायचं आहे?" आम्ही विचारले. तो सरळ म्हणाला, "दार का अडकतं ते शोधायला."

दिवेलागणीला मामी ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही घरून तयार करून आणलेले युक्तिवाद पाठ होते: मुलाची बुद्धी, संस्थेची कीर्ती, नोकरीची शाश्वती. ते आम्ही मांडले. मामींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे सगळं मला ह्याच्या बापानं सांगितलंय. तू नवीन काय सांगतोस?"

तेव्हा आम्ही गप्प बसलो आणि मुलाला बोलू दिले. त्याने सकाळचे सगळे सांगितले, काहीही न लपवता: दार अडकते हेही, अजून पुरते जमलेले नाही हेही. ह्या प्रांजळपणाने काम बिघडणार अशी आम्हांला धास्ती वाटत होती. त्याने यूबारीचीही गोष्ट सांगितली. यूबारी हे खाणींचे शहर. 16 ऑक्टोबर 1981 रोजी तेथील एका खाणीत वायू उसळला, आग लागली आणि 93 माणसे दगावली. पुढे एकेक करून तेथल्या साऱ्याच खाणी बंद झाल्या. माणसे गाव सोडून गेली. त्याच यूबारीच्या परिसरात, माणूस न उतरवता, वरूनच नळ घालून हा प्रयोग झाला.

"93," मामी पुटपुटल्या. मग काही वेळाने त्यांनी विचारले, "आणि खाली घातलेला तो तिथंच राहील कशावरून? तो वर आला म्हणजे?"

"वरचा दाब कायम राहिला तर तो भिंतींना धरून राहतो, आजी. पण तो कोळसा नंतर खणून काढला, तर सगळा सुटेल. म्हणून ज्या थरात तो भरायचा, तो थर कायमचा सोडून द्यावा लागतो. खूप खोल, जिथं खाण करणं परवडणारच नाही, असेच थर त्यासाठी निवडायचे."

मामींनी मान वर केली. "म्हणजे तिथं पुन्हा कधीच कुणी उतरणार नाही?"

"कुणीच नाही, आजी."

"तू पण?"

"आम्ही वरच असतो. दिवसभर नळाजवळ, आकडे लिहीत."

मामी पुढे काही बोलल्या नाहीत. आत सौ. आणि वहिनी पोळ्या लाटीत होत्या, त्याचा आवाज येत होता. दूर धनपुरीच्या बाजूने पाळी बदलल्याचा भोंगा झाला आणि मामींनी सवयीने उंबऱ्याकडे पाहिले. आम्हांला वाटले, आपले येणे फुकट गेले.

ह्या प्रसंगाचा विचार आम्ही परतीच्या वाटेवर पुष्कळ केला. पृथ्वीच्या पोटातून आपण दोनशे वर्षे कोळसा काढला आणि त्याचा धूर आकाशात सोडला. आता तो परत पोटात घालू म्हणतो. कोळसा तो घेतोही, आवडीने घेतो. पण त्याच्या गतीने, त्याच्या मापाने. घाई केली की दार मिटते. ह्या उपायाने सारे संकट टळेल असे सांगणारा आम्हांला अर्धे सांगणारा वाटेल, आणि हा उपाय व्यर्थच आहे म्हणणाराही. शहाणपणाचा मार्ग मामांनीच घालून दिलेला आहे, असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गाडीसाठी निघालो, तेव्हा अंगणात मामी पाटावर बसल्या होत्या. समोर वाटीत भिजवलेली चिंच, हातात ती बत्ती. पितळ सोन्यासारखे चकचकत होते. पन्नासहून अधिक वर्षे ती त्या खुंटीवरून खाली उतरलेली आम्ही पाहिली नव्हती. मुलगा जवळ उभा होता.

"धनबादला खोलीत नीट टांग," मामी त्याला म्हणाल्या. "आता ती पेटवायची गरज नाही, हे मला कळतं. पण नियम विसरू नकोस. वर धरून बघायचं, खाली धरून बघायचं, मग पाऊल टाकायचं. तुझ्या धाकट्या आजोबांना घाई झाली होती."

मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही काही बोलला नाहीत ते बरं केलंत."

गाडी बिरसिंहपूरला थांबली तेव्हा दिवस चांगला वर आला होता. पावसाचे पहिले ढग पश्चिमेकडून येत होते. बाजूच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी होती. सौ. ने विचारले, "मोजायचे का डबे?" आम्ही मोजू लागलो, पण आमची गाडी आधी सुटली आणि मोजणी अर्धीच राहिली.